धूळ, तेल आणि वाटी: इंजिनाच्या एअर फिल्टरचा इतिहास

इंजिन डिझेल-पेट्रोल पितं असं आपण म्हणतो. पण बघा, एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण ९,००० लिटर हवा लागते. त्या हवेतली धूळ म्हणजे बरीचशी वाळूचीच जात. ती वंगणात कालवली गेली की पॉलिश पेपरसारखी पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासत बसते.

सुरुवातीच्या मोटारींना याची फिकीर नव्हती. फोर्डच्या मॉडेल टीला एअर फिल्टर नव्हताच. प्रश्न पेटला तो शेतात, कारण ट्रॅक्टर दिवसभर स्वतःच उडवलेल्या धुळीत चालतो. १९१५ साली अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन यांनी तारेच्या सांगाड्यावर कापड गुंडाळून गाळणी केली. फोर्डसन ट्रॅक्टरने हवा पाण्यातून धुऊन घेतली. पुढे पाण्याच्या जागी तेल आलं आणि 'ऑइल बाथ' प्रचारात आला. आपल्याकडे जुने ट्रॅक्टर हाकलेल्या मंडळींना तो चांगला ठाऊक आहे.

त्याची करामत साधी. हवा मधल्या नळीतून खाली येते, वाटीतल्या तेलावर आदळून एकदम वर वळते. जड धुळीला ते वळण जमत नाही, ती तेलात बसते. उरलीसुरली वरच्या तारेच्या जाळीत अडकते. पण वाटीत गाळ साचला की काम संपलं. वाटी सोडवायची, गाळ ओतून टाकायचा, रॉकेलने किंवा डिझेलने धुवायची, खुणेपर्यंत तेल भरायचं. खुणेच्या वर नाही हं! जास्तीचं तेल इंजिन ओढून घेतं, आणि डिझेल इंजिन मग त्याच तेलावर बेफाम पळू शकतं.

दुसऱ्या महायुद्धात हीच गोष्ट रणांगणावर आली. १९४२ मध्ये सोव्हिएत संघाने एक टी-३४ रणगाडा अमेरिकेत अ‍ॅबर्डीनच्या चाचणी केंद्राला पाठवला. साडेतीनशे किलोमीटरच्या आतच त्याचं इंजिन निकामी झालं. अमेरिकनांनी बोट ठेवलं ते एअर क्लीनरवर. नावाजलेला रणगाडा, आणि घात कशाने झाला, तर धुळीने! १९४३ पासून टी-३४ ला 'सायक्लोन' जातीचे फिल्टर बसू लागले.

याची दुसरी बाजूही आहे. वाळवंटासाठी स्पिटफायर विमानाच्या नाकाखाली व्होक्स फिल्टर बसवला. इंजिन वाचलं, पण विमानाचा वेग घटला. तेव्हा इजिप्तमधल्या अबूकीरच्या दुरुस्ती केंद्रातल्या माणसांनी स्वतःच छोटा फिल्टर घडवला. मला तर या नाव नसलेल्या मिस्त्री लोकांचं काम कारखान्यातल्या अभियंत्यांइतकंच मोलाचं वाटतं.

युद्धानंतर मोटारींत कागदी फिल्टर रुळला: वापरा आणि फेका. धुण्याची कटकट गेली, तसा तो हातही गेला. पुन्हा धुवून वापरायचा, तेल लावलेल्या सुती कापडाचा फिल्टर १९६९ पासून कॅलिफोर्नियातल्या के अँड एन कंपनीने लोकप्रिय केला. तो धुताना पाणी आतून बाहेर सोडायचं, म्हणजे धूळ उलटी निघते. मग सावलीत पूर्ण वाळवायचा, आणि वाळल्यावरच बेताने तेल. इथेही तोच जुना धोका आहे: तेल जास्त झालं तर नव्या गाड्यांत ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं.