धूळपाटीपासून टॅबपर्यंत : मुलांच्या वाचनाची वाटचाल

वाचता येणे आणि वाचलेले समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यवहारात हे सर्वांना ठाऊक असते. करारनामा घडाघडा वाचणारा मनुष्य त्यातील अट समजलाच असे कोणी धरून चालत नाही. शाळेत मात्र मूल न अडखळता वाचू लागले की त्याला वाचन आले, असे मानण्याची प्रथा आहे. गेल्या दोनशे वर्षांत वाचन शिकविण्याची साधने कशी बदलत गेली आणि त्यांतून आकलन किती वाढले, याचा हा संक्षिप्त आढावा.

इंग्रजी अंमलापूर्वी पंतोजींच्या शाळेत मूल फळ्यावर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवीत असे. बाराखडी, पाढे व मोडी वळण ही विद्येची मुख्य अंगे होती. छापील पुस्तक नव्हतेच. त्यामुळे पाठांतरावर भर राही. 1822 साली मुंबईत शालोपयोगी पुस्तकांसाठी मंडळी स्थापन झाली आणि शिळाछापाच्या साहाय्याने मराठी पुस्तके निघू लागली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या इसापनीतीसारखी गोष्टींची पुस्तके त्याच दशकात मुलांच्या हाती आली. पुढे मेजर थॉमस कँडी यांनी मराठी लेखनात विरामचिन्हे रूढ केली. आज ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु वाक्य कोठे संपते आणि प्रश्न कोठे आहे हे कागदावरच दिसू लागल्याने अर्थ लावणे सोपे झाले. आकलनाला थेट मदत करणारे हे बहुधा पहिले मोठे साधन म्हणावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर 27 जानेवारी 1967 रोजी बालभारतीची स्थापना झाली व राज्यभर एकसारखी पाठ्यपुस्तके पोहोचली. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि 1984 साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही शैक्षणिक कार्यक्रम निर्माण करणारी संस्था उभी राहिली. अनेक पिढ्यांना तिची धून आजही आठवते. चित्र, आवाज आणि गोष्ट यांचा मेळ तिने घातला. मात्र पडद्यावरचा कार्यक्रम आपल्या गतीने पुढे जातो. ज्याला समजले नाही त्याच्यासाठी तो थांबत नाही. 2017 साली ही संस्था बंद झाली.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न अधिक बिकट होता. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती, उर्दूसह आठ माध्यमांत चालत. तरीही घरची भाषा एक, वस्तीची दुसरी आणि पुस्तकाची तिसरी, अशी कित्येक मुलांची स्थिती असे. याच शहरात 1995 साली डॉ. माधव चव्हाण व प्रा. फरीदा लांबे यांच्या पुढाकाराने ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. तिच्या ‘बालसखी’ उपक्रमात शालेय शिक्षण पूर्ण केलेली वस्तीतलीच तरुणी महापालिकेच्या शाळेत येई. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसे आणि त्यांना जे येत नाही तेथूनच आरंभ करी.

2001 ते 2003 या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व बडोदा येथे या कार्याची शास्त्रशुद्ध पाहणी केली. बडोद्यात त्याच सुमारास चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले गेले. बालसखी असलेल्या शाळांत मुलांचे गुण वाढले. संगणकामुळे गणितात चांगली प्रगती झाली, पण तिचा लाभ भाषेला मिळाला नाही. कारण त्या यंत्राकडे तेवढेच काम सोपविले होते. बॅनर्जी व दुफ्लो हे 2019 च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले.

त्यानंतर साधनांचा ओघ वाढला. 2015 साली महापालिकेने आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून धडा ऐकता-पाहता येण्याची सोय केली. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. मार्च 2019 मध्ये गूगलने ‘बोलो’ हे ॲप आणले. मूल मोठ्याने वाचते आणि फोन ऐकून चुकलेला शब्द सुधारून देतो, अशी त्याची रचना. पुढे त्यात मराठी व गुजराती याही भाषा आल्या. घरी वाचून घेणारे कोणी नसलेल्या मुलाला ही मोठीच सोबत होय. तथापि उच्चार बरोबर आला म्हणजे अर्थ पोहोचला असे नव्हे. गजाने कापडाची लांबी कळते, पोत हाताला लागावा लागतो.

2020 साली शाळा बंद झाल्या, तेव्हा साऱ्या साधनांची परीक्षाच झाली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली, शिक्षकांनी फोनवर धडे पाठविले. तरीही ‘असर’ या ग्रामीण भारताच्या पाहणीनुसार दुसरीच्या पातळीचा पाठ वाचू शकणारी पाचवीतील मुले 2018 मध्ये 50.5 टक्के होती, ती 2022 मध्ये 42.8 टक्क्यांवर आली. शाळा नियमित भरू लागल्यावर 2024 मध्ये हे प्रमाण सुमारे 49 टक्के झाले. केंद्र सरकारच्या 2021 च्या ‘निपुण भारत’ अभियानाने म्हणूनच नुसते वाचन न म्हणता ‘आकलनासह वाचन’ हे ध्येय ठेवले.

या इतिहासाचा बोध दात्यांनीही घेण्याजोगा आहे. शाळेला संगणक वा पडदा भेट देणे हे पुण्यकर्मच. परंतु त्या यंत्रासमोर बसलेल्या मुलाला ‘गोष्टीतल्या मुलाने असे का केले? तू असतास तर काय केले असतेस?’ असे विचारणारे माणूसही द्यावयास हवे. घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत निवृत्त शिक्षक, सुशिक्षित गृहिणी आणि महाविद्यालयीन तरुण यांची उणीव नाही. आठवड्यातील दोन तास, पाच मुले आणि एक पुस्तक एवढ्यानेही आरंभ करता येईल. यंत्राच्या देणगीस अशा वेळेच्या दानाची जोड मिळाली, तर त्या देणगीचे सार्थक होईल.