तुमचा फोन कोणत्या देशाचा रहिवासी आहे?

मंडळी, आज राजकारण नाही. म्हणजे तसं आहेच, पण वेगळ्या वाटेनं.

परवा संध्याकाळी आमचा एक तरुण वार्ताहर तोंड पाडून आला. चार-पाच गावांच्या ग्रामपंचायती कव्हर करतो, पोरगं कष्टाळू आहे. मागच्या महिन्यात एका पुढाऱ्यानं फोनवर सांगितलेलं यानं बातमीत घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तो पुढारी म्हणाला, "मी असं बोललोच नाही." पोराकडं पुरावा काहीच नव्हता. कारण याच्या फोनमध्ये रेकॉर्डिंग लावलं की समोरच्याला आधी इंग्रजीत सूचना ऐकू जाते, आणि सूचना ऐकली की समोरचा गप्प होतो.

मग कोणीतरी सांगितलं, "याच मॉडेलला इंडोनेशियाचं सॉफ्टवेअर मारून घे, त्यात गुपचूप रेकॉर्ड होतं." एसटी स्टँडसमोरच्या दुकानात तासाभरात काम झालं. रेकॉर्डिंग सुरू झालं, पण बँकेचं ॲप उघडेना. दोन वर्षांचे फोटो, पंचायतींच्या कागदांचे स्कॅन, सगळं पुसलं गेलं होतं. वर अपडेट येणंही बंद.

"दादा, आता काय करू? इंडियाचं ठेवू, ग्लोबल टाकू, का इंडोनेशियाचंच राहू देऊ?"

प्रश्न साधा वाटतो. पण एकाच कारखान्यातून निघालेल्या, एकाच दिसणाऱ्या फोनला भारताचं वेगळं, युरोपचं वेगळं, चीनचं वेगळं सॉफ्टवेअर का असतं, हे समजून घेतल्याशिवाय उत्तर देता येत नाही. म्हणून थोडा इतिहास.

वस्तू एकच, पण देशानुसार तिला कुलूप, ही कल्पना मोबाईलच्या आधीची. डीव्हीडी आठवते? कंपन्यांनी जगाचे सहा भाग पाडले होते. अमेरिका-कॅनडा पहिल्यात, युरोप-जपान दुसऱ्यात, चीन सहाव्यात आणि आपण पाचव्यात, आफ्रिका-रशियाच्या सोबत. अमेरिकेतल्या भाच्यानं हौसेनं पाठवलेली डिस्क आपल्या प्लेअरवर चालायची नाही. डिस्क खराब नसायची, प्लेअरही ठणठणीत असायचा. फक्त दोघांचे आकडे जुळायचे नाहीत.

मोबाईलमध्ये सुरुवातीला हा फरक आपल्या सोयीचा होता. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाईल कॉल मानला जातो. तेव्हाचे फोन पूर्ण इंग्रजी. २००० साली नोकियाच्या ३२१० मध्ये हिंदी मेनू आला. २००३ मध्ये ११०० आला, टॉर्चवाला, धुळीला दाद न देणारा. शेतावर रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्याला टॉर्च लागते, हे त्या कंपनीला कळलं होतं. म्हणजे 'भारतासाठीची आवृत्ती' याचा तेव्हाचा अर्थ होता, इथल्या माणसाची गरज ओळखलेली आवृत्ती.

मग आले चायना मोबाईल. दोन सिम, मोठा स्पीकर, किंमत निम्मी. बिल नाही, वॉरंटी नाही आणि पुष्कळ फोनांना आयएमईआय नंबरही नाही. हा पंधरा आकडी नंबर म्हणजे फोनचा सातबारा. २६/११ नंतर सुरक्षा यंत्रणांना हे चालण्यासारखं नव्हतं. ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीपासून बिननंबरी फोनांची सेवा बंद झाली. त्याआधी काही आठवडे अधिकृत केंद्रांवर सॉफ्टवेअरनं नंबर टाकून देण्याची सोय होती. फोनचं सॉफ्टवेअर ही सरकारदरबारची बाब आहे, हे सामान्य माणसाला तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल.

पुढचा अध्याय भाषेचा. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर मराठी मेसेज आला की नुसते चौकोन दिसायचे. अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीच्या काळात, २०११-१२ च्या सुमारास देवनागरी नीट दिसू लागली आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मेनूची भाषा म्हणून मराठी आली. २०१६ मध्ये सरकारनं आयएस १६३३३ हे मानक आणलं. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर देशातल्या सगळ्या अधिकृत भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे. इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे. मुदती पुढं ढकलल्या गेल्या, पण नियम आला. चीनच्या बाजारासाठीचा फोन इथं आणला, तर त्याला यातलं काहीच लागू नाही. त्यात गुगलचं प्ले स्टोअरसुद्धा नसतं, कारण गुगलनं २०१० मध्येच तिथून आपलं सर्च हलवलं आणि तिथल्या फोनांची दुनिया वेगळी झाली.

नेटवर्कचंही तसंच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. त्यात आवाजसुद्धा ४जी वरूनच जायचा. फोन ४जी असला तरी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये इथल्या कंपनीची व्होल्टीची मांडणी नसेल, तर थेट कॉल लागायचा नाही, वेगळं ॲप टाकावं लागायचं. दुबईहून पाहुण्यांनी आणलेला महागडा फोन इथं नेटला चालतो आणि कॉलला रडतो, त्याच्या मागं बरेचदा हेच असतं.

१ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं, तेव्हा तर मजाच झाली. लोकांच्या खिशात ५जी फोन आधीपासून होते, आत चिप होती, पण कंपन्यांनी भारतासाठी ती सॉफ्टवेअरमधून चालू केलेली नव्हती. सरकारला कंपन्यांसोबत बैठक घ्यावी लागली. आयफोनवाल्यांना डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूतला एक भाग कधी जागा होणार, हे तिसराच कोणी ठरवत होता.

आता राजकारणाकडं येऊ.

२९ जून २०२० ला केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यात शाओमीचीही काही ॲप होती. त्यानंतर ऑगस्टमध्ये कंपनीनं जाहीर केलं की भारतासाठीच्या आवृत्तीत बंदी घातलेली ॲप नसतील. सीमेवर तणाव, दिल्लीत आदेश, आणि परिणाम आपल्या हातातल्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲपलनं चीनमधल्या फोनांसाठी एक बदल केला. एअरड्रॉपनं अनोळखी माणसांकडून फाईल घेण्याची सोय तिथं दहा मिनिटांपुरती केली. आंदोलक याच सोयीनं पत्रकं पसरवत होते. पुढच्या महिन्यात तोच बदल जगभर आला, पण सुरुवात चीनपासून झाली.

उलट उदाहरणही आहे. मार्च २०२४ मध्ये युरोपच्या नव्या कायद्यामुळं तिथल्या आयफोनवर ॲपलचं स्टोअर सोडून दुसऱ्या दुकानातून ॲप घेता येऊ लागली. फोन तोच, किंमतही साधारण तीच. युरोपातल्या ग्राहकाला हक्क मिळाला, कारण त्याच्या सरकारनं तो मागितला.

आपल्याकडं काहीच झालं नाही असं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गुगलनं भारतासाठी काही बदल जाहीर केले. फोन कंपन्यांना गुगलची ॲप एकगठ्ठा न घेता सुटी घेता येतील आणि ग्राहकाला सर्च इंजिन निवडता येईल. म्हणजे 'इंडिया व्हर्जन' या दोन शब्दांत आपल्या आयोगाचीही थोडी मेहनत आहे.

आणि अगदी अलीकडचं. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दूरसंचार विभागानं कंपन्यांना आदेश दिला की भारतात विकायच्या प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीपासून टाका, मुदत ९० दिवस. चोरीचा फोन शोधायला ॲप उपयोगी आहे, त्यात वाद नाही. पण न विचारता, सक्तीनं? गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सरकारनं सक्ती मागं घेतली. लोक बोलले म्हणून एक ओळ बदलली. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता आमच्या पोराच्या रेकॉर्डिंगचं.

२०१९-२० च्या सुमारास शाओमीनं युरोप आणि भारतातल्या नव्या फोनांत स्वतःच्या डायलरऐवजी गुगलचं डायलर द्यायला सुरुवात केली. गुगलच्या डायलरमध्ये रेकॉर्डिंगची सूचना दोन्ही बाजूंना ऐकू जाते. इंडोनेशियाच्या आवृत्तीत मात्र कंपनीचं जुनं डायलर राहिलं. झालं, आपल्याकडच्या दुकानांत 'इंडोनेशिया रॉम'ला मागणी आली. मे २०२२ मध्ये गुगलनं बाहेरच्या ॲपचीही रेकॉर्डिंगची वाट अडवली, मग ती मागणी आणखी वाढली.

सूचना देण्यामागचा विचार चुकीचा नाही. समोरच्यालाही खासगीपणाचा हक्क आहे. पण हा समतोल कुठं असावा याची चर्चा आपल्या विधानसभेत झाली नाही की संसदेत झाली नाही. डायलर बदललं आणि नियम होऊन गेला. तालुक्याच्या वार्ताहराला, सावकाराच्या धमक्या ऐकणाऱ्या शेतकऱ्याला, फोनवर त्रास सोसणाऱ्या बाईला त्याचा काय फरक पडेल, हे कोणी विचारलं नाही.

म्हणून पोरावर मला राग आला नाही. पण त्यानं जी वाट धरली, तिच्यातले खड्डे सांगणं माझं काम आहे.

एक, दुसऱ्या देशाचं सॉफ्टवेअर टाकायला बहुतेक वेळा बूटलोडर उघडावा लागतो. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा पहारेकरी. त्याला हटवलं की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. आणि दारावर पहारेकरी नाही हे कळल्यावर बँकेची बरीच ॲप आत यायलाच नकार देतात. ज्याचं मानधन यूपीआयनं येतं, त्याला हे परवडणारं नाही.

दोन, परक्या देशाचं सॉफ्टवेअर तसंच ठेवून बूटलोडर पुन्हा बंद केला, तर काही फोन कायमचे अडकून पडतात. दुकानदार म्हणतो "डेड झाला", आणि बोर्ड बदलायचे पैसे सांगतो.

तीन, आणि हे सगळ्यात गंभीर. या खटाटोपात कधी कधी आयएमईआय उडतो. मग दुकानदार दुसराच कुठला तरी नंबर टाकून फोन चालू करून देतो. मंडळी, हा गुन्हा आहे. २०१७ पासून त्याचे नियम आहेत आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फोन तुमच्या खिशात असणार, दुकानदाराच्या नाही. *#०६# दाबून दिसणारा नंबर बॉक्सवरच्या नंबराशी जुळतो का, हे आजच पाहून ठेवा.

जुना किंवा बाहेरून आणलेला फोन घेताना आणखी एक बघा. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडा. शाओमी-रेडमीच्या सॉफ्टवेअर नंबरात शेवटच्या अक्षरांमध्ये देशाची दोन अक्षरं असतात. 'आयएन' म्हणजे भारत, 'एमआय' म्हणजे ग्लोबल, 'सीएन' म्हणजे चीन, 'ईयू' म्हणजे युरोप, 'आयडी' म्हणजे इंडोनेशिया. सॅमसंगमध्ये 'आयएनएस' दिसलं तर भारत. विकणारा "इंडियन पीस आहे" म्हणाला तरी अक्षरं वाचूनच पैसे द्या.

पोराला मी काय सांगितलं? भारताचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घे, पण कंपनीच्या केंद्रातून. आयएमईआय तपास. फोटो गेले त्याला इलाज नाही, यापुढं दर आठवड्याला कॉपी काढत जा. आणि महत्त्वाच्या माणसाशी बोलताना सरळ सांग, "साहेब, मी रेकॉर्ड करतोय." सांगूनही जो बोलतो, त्याचीच बातमी उद्या टिकते. जो गप्प होतो, त्याचं गप्प होणंही छापता येतं.

पोरगं म्हणालं, "दादा, म्हणजे इंडियाचंच चांगलं?"

चांगलं म्हणून नाही रे. युरोपच्या आवृत्तीत जाहिरातींचा त्रास कमी, असं वापरणारे सांगतात. त्याचं कारण तिथले फोन चांगले हे नव्हे, तिथल्या लोकांनी कायदे करून घेतले हे आहे. आपण इथं राहतो. आपलं नेटवर्क, आपली बँक, आपली भाषा इथली. तेव्हा आवृत्ती इथलीच ठेवायची आणि ती सुधारून घ्यायची. संचार साथीच्या वेळी चार-पाच दिवसांत आदेश मागं येऊ शकतो, तर जाहिराती, न काढता येणारी ॲप आणि रेकॉर्डिंगचे नियम यांवरही बोलता येईल. दुसऱ्या देशाचं सॉफ्टवेअर मारून एकट्याचा प्रश्न सुटतो, तोही अर्धा.

त्यावर पोरगं हसलं आणि म्हणालं, "मग बातमी करू का यावर?"

म्हटलं कर. पण आधी त्या दुकानदाराची बाजू घे. आणि हो, सांगून रेकॉर्ड कर.