आंधीचा फोटो

१८४७ च्या उन्हाळ्यात लाहोरला आलेल्या पी. एफ. एच. बॅडली या लष्करी डॉक्टरने आपल्या घराच्या छपरावर बांबू उभारला, त्याला तांब्याची तार बांधली आणि तारेचं टोक खाली खोलीत आणून सोन्याच्या वर्खाच्या विद्युतदर्शकाला जोडलं. एक-दोन दिवसांत लहानसं धुळीचं वादळ वरून गेलं आणि एका तारेवरून दुसऱ्या तारेवर ठिणग्या उडू लागल्या. आंधीचं मूळ विजेत आहे, असं बॅडलीला वाटलं. ते खरं नव्हतं. उडणारे धूलिकण एकमेकांवर घासतात म्हणून हवेत वीज येते. वारा आधी, वीज नंतर. पण पुढे त्याने पंजाबातल्या वावटळींच्या आणि आंधींच्या नोंदी ठेवल्या आणि १८६० मध्ये लंडनला त्यांचं पुस्तक काढलं. त्यात आकृत्या आहेत, प्रत्यक्ष पाहून केलेली रेखाटनं आहेत. आंधीचा फोटो तेव्हा शक्यच नव्हता.

कॅमेरे हिंदुस्थानात पोहोचले होते. मात्र त्या काळच्या पद्धतीत काचेवर कलोडिअनचा चिकट थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत तंबूतल्या अंधारात काच धुऊन काढायची. लाहोरच्या उन्हाळ्यात थर त्याहून लवकर सुकणार. त्यावर धुळीचा कण बसला तरी डाग उमटतो. इथे तर धूळ हाच विषय. शिवाय फोटोला काही सेकंद लागत, आणि तेवढ्यात आंधी डोक्यावर आलेली असे. साहेबांचे कॅमेरे हिमालयात गेले, देवळांपुढे उभे राहिले, यात नवल नाही. देऊळ हलत नाही.

थरच्या वाळवंटापासून पंजाबपर्यंत मे-जूनमध्ये दोन तऱ्हांची धूळ उठते. एक लू वाऱ्याबरोबर दिवसेंदिवस तरंगत राहते. आकाश मळकट होतं, बाकी नाट्य काही नाही. दुसरी आंधी. वळवाचा पाऊस पडण्याआधी गार वाऱ्याचा झोत येऊन अंगणातलं सगळं उधळून लावतो, तोच हा प्रकार, फक्त फार मोठा. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत विरतो, हवा गार आणि जड होऊन कोसळते, जमिनीवर आपटून पुढे पसरते. जमीन कोरडी आणि भुसभुशीत असली की त्या लोंढ्याच्या तोंडाशी शेकडो मीटर उंच धुळीची भिंत उभी राहते. राजस्थानात तिला काली-पीली आंधी म्हणतात, सुदानात हबूब.

म्हणूनच वेगवान फिल्म आली तरी मूळ अडचण राहिलीच. भिंत दिसते ती बाहेरून, दूर असताना. आत सापडलं की दिसत काहीच नाही.

बाहेरून काढलेले सर्वांत गाजलेले फोटो वाळवंटातले नाहीत. ते अमेरिकेच्या मध्यभागातल्या गवताळ मैदानांतले आहेत. गव्हाच्या भावापायी तिथलं गवत नांगरून काढलं, मग अवर्षण आलं आणि माती उडाली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तिथे ‘काळा रविवार’ म्हणूनच ओळखला जातो. तशा काळ्या लाटांचे फोटो पोस्टकार्डांवर विकले गेले. संकटाची पोस्टकार्डं विकत घेऊन पाठवणाऱ्या माणसांविषयी कोणी लिहायला हवं.

आतला फोटो काढायचा प्रयत्न आर्थर रॉथस्टीनने केला. वय वीस वर्षं, नोकरी सरकारी: शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी नेमलेल्या खात्यात. एप्रिल १९३६ मध्ये ओक्लाहोमा राज्याच्या सिमरॉन काउंटीत त्याने एक शेतकरी आणि त्याची दोन मुलं वाऱ्याशी झुंजत अर्ध्या गाडल्या गेलेल्या झोपडीकडे जाताना टिपली. धाकटा मागे राहिलाय, हात डोळ्यांवर. पुढे १९४० च्या दशकात रॉथस्टीननेच लिहिलं की मुलाला मागे राहून हात डोळ्यांवर धरायला त्याने सांगितलं होतं, बापाला वाकून चालायला सांगितलं होतं. नंतरच्या काळात मात्र तो वेगळंच सांगू लागला: सगळं आपोआप घडलं म्हणून. मला पहिली हकिकत पटते. वादळ ऐन भरात असतं तर झोपडी इतकी स्वच्छ दिसली नसती. धूळ दिसत नाही, तेव्हा धूळ सोसणारं शरीर दाखवायचं, हे त्याने ओळखलं. आणि त्याच्या खात्याला त्या धुळीचं कारणही दाखवायचं होतं. मृदसंधारणाचा कायदा एप्रिल १९३५ मध्येच झाला होता; तो लोकांना पटवायचं काम उरलं होतं.

थरच्या आंधीचा जगभर पोहोचलेला फोटो १९८३ चा. स्टीव्ह मॅकरी मान्सूनवरच्या लेखासाठी राजस्थानात फिरत होता. जैसलमेरच्या वाटेवर वादळ आलं. रस्त्याच्या कामावरच्या बायका एकमेकींना बिलगून, पाठी वाऱ्याकडे करून उभ्या राहिल्या. लाल ओढण्या, पिवळट-तपकिरी हवा, चेहरे जवळपास नाहीतच. तंत्राच्या बाजूने पाहिलं तर लालच हवा होता: दाट धुळीतून निळा प्रकाश फारसा पोहोचत नाही, सगळं मातकट होतं आणि त्यात लालच उठून दिसतो. मूळ जयपूरच्या रघुबीर सिंह यांनी १९६७ मध्ये मुंगेरला, पावसात भिजत जवळजवळ उभ्या असलेल्या बायकांचा फोटो काढला होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. सिंह यांच्या बायकांना चेहरे आहेत, आणि पाऊस प्रत्येकीला वेगळा लागतो आहे.

मॅकरीचा फोटो सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. पण ‘डस्ट स्टॉर्म’ एवढ्या नावाने तो भिंतींवर लागतो, तेव्हा वाळवंट अनादि वाटतं आणि या बायका जणू त्यातूनच उगवलेल्या. त्या मजुरीवर होत्या. जून महिन्यात थरमध्ये रस्ता बांधत होत्या, आणि रस्ता चौकटीबाहेर राहिला. त्याच काळात राजस्थान कालव्याचं पाणी जैसलमेरकडे सरकत होतं, जोधपूरच्या संशोधन संस्थेतली माणसं वाळूच्या टेकड्यांवर झाडं लावून त्या जागीच थोपवायला झटत होती. ओक्लाहोमाच्या फोटोत निदान धुळीला कारण होतं.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि दर उन्हाळ्यात बिकानेर-जैसलमेरकडची धुळीची भिंत छपरांवरून टिपली जाते. २ मे २०१८ चं वादळ मात्र रात्रीचं होतं. राजस्थान आणि उत्तर प्रदेशात मिळून शंभराहून अधिक माणसं गेली. आग्रा, भरतपूर, धोलपूरकडे हानी जास्त. फोटो आले ते दुसऱ्या दिवशी: उन्मळलेली झाडं, आडवे झालेले विजेचे खांब, मातीच्या आणि विटांच्या पडक्या भिंती. कितीतरी माणसं त्या भिंतींखाली झोपेतच गेली होती.