शालिवाहनाचे मृण्मय सैन्य आणि कृत्रिम नायकाचा प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस गोदावरीतीरी वसलेल्या पैठणास जी लोकमान्यता एका कथेने मिळवून दिली, ती सातवाहनांच्या शिलालेखांनाही मिळवून देता आली नाही. कुंभाराच्या घरी वाढलेल्या एका मुलाने मातीचे हत्ती, घोडे व शिपाई घडविले. उज्जयिनीचा विक्रमादित्य चालून आला तेव्हा त्या पुतळ्यांत प्राण संचरला आणि शत्रूचा पराभव झाला. हा मुलगा म्हणजे शालिवाहन. जिनप्रभसूरीच्या चौदाव्या शतकातील ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात प्रतिष्ठानाच्या वर्णनाच्या ओघात ही कथा आली आहे, आणि पाडव्याच्या निमित्ताने ती महाराष्ट्रात आजही सांगितली जाते. शिपाई कृत्रिम होते याविषयी कथेला संशय नाही. संशय घ्यावयाचा तो त्यांच्या नायकाविषयी.

असाच एक वाद पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीत गेली कित्येक वर्षे चालू आहे. फिलिप डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीवरून रिडली स्कॉट यांनी १९८२ मध्ये ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट काढला. कृत्रिम मानवांना हुडकून नष्ट करणारा त्यातील नायक डेकार्ड स्वतःच कृत्रिम आहे काय, असा हा प्रश्न आहे. कादंबरीत तो मनुष्यच आहे. १९८२ च्या प्रतीत त्याच्या दाराशी कागदाचा एक एकशिंगी घोडा पडलेला दिसतो. त्याचा अर्थ, त्याचा सहकारी तेथे येऊन गेला, एवढाच होऊ शकत होता. १९९२ च्या प्रतीत मात्र डेकार्डच्या स्वप्नात तोच प्राणी धावताना दाखविला गेला, आणि त्याबरोबर दाराशी पडलेल्या घोड्याचा अर्थ पालटला: सहकाऱ्याला त्याचे स्वप्न ठाऊक आहे, अर्थात् ते स्वप्न कोणी तरी त्याच्या मनात घातलेले आहे! पुरावा तोच, भोवतीची संहिता तेवढी बदलली. डेकार्ड कृत्रिम असल्याचे दिग्दर्शकाने पुढे उघडपणे सांगितले. भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्ड यांचे मत उलट होते. रचनाकाराचा उत्तरकालीन खुलासा हा मूळ संहितेचा भाग मानावयाचा की तिच्यावरील एक भाष्य, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला परका नाही.

प्रतिष्ठानाच्या परंपरेतही हा विषय नवा नव्हे. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ सातवाहनाच्या दरबाराशी निगडित मानली जाते. मूळ ग्रंथ लुप्त झाला असून तो आज उत्तरकालीन रूपांतरांतूनच कळतो. त्यांपैकी सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त, रत्नप्रभा लंबकात, राज्यधर नावाच्या सुताराची नगरी येते. तेथील व्यापारी, नागरिक, स्त्रिया सर्व लाकडी यंत्रे असून जिवंत माणसांप्रमाणे हिंडतात; ती निर्जीव आहेत हे कळते ते त्यांना वाणी नाही म्हणून. सबंध नगरीत सजीव असा एक राज्यधरच. चित्रपटात परीक्षा सहानुभूतीची आहे, सोमदेवाकडे ती वाणीची. आणि आज यंत्रेही बोलू लागली असल्याने सोमदेवाची कसोटी पुरी पडत नाही, एवढे जाता जाता नोंदविण्यास हरकत नाही.

आता शालिवाहनाकडे वळावे. सातवाहन राजांच्या शिलालेखांत सातकर्णी, पुळुमावी ही नावे आहेत, सातवाहन कुलाचा उल्लेखही आहे. परंतु मातीच्या सैन्याचा धनी असा शालिवाहन कोठेही नाही. इ. स. ७८ पासून चालणारा शक त्याच्या नावाने ओळखला जातो, पण जुन्या लेखांत तो शकराजांचाच काल म्हटला आहे. शालिवाहनाचे नाव त्याला तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास चिकटले. म्हणजे ज्या शकांशी सातवाहनांचे वैर, त्यांचीच कालगणना विजेत्याच्या नावावर चढली. यावरून शालिवाहन हा निव्वळ बनावट पुरुष, असा निर्णय पुष्कळांनी घाईने दिला आहे. तो पूर्णतः ग्राह्य वाटत नाही. सातवाहन शब्दातील ‘त’चा प्राकृतात ‘ल’ होतो, असे हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या व्याकरणात नमूद केले आहे. तेव्हा नाव कोणी कल्पून लावलेले नाही. ते कुलनामच उच्चाराने झिजून व्यक्तिनाम बनले. ‘शालि’ म्हणजे भात, या अर्थाकडे कल्पना नंतर वळली असावी.

कथेतील पराक्रमालाही काही आधार आहे. परकीय सत्तेचा मोड केल्याचे श्रेय गौतमीपुत्र सातकर्णीला त्याची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिक येथील लेखात दिलेले आहे. क्षहरात कुलाचा त्याने निःपात केला, असे तो लेख सांगतो. मात्र त्यात उज्जयिनीच्या विक्रमाचा संबंध नाही, आणि कुंभाराचे घर तर मुळीच नाही. एका राजाचा विजय, एका कुलाचे नाव आणि शत्रूचा शक या तीन निरनिराळ्या वस्तू एका पुरुषाच्या अंगी जोडल्या गेल्या. राज्यधराच्या पुतळ्यांप्रमाणे तो पुरुष घडविलेला खरा. पण घडविण्यासाठी वापरलेले लाकूड अस्सल होते.

हा भेद न केल्यास दोन्ही बाजूंनी चूक होते. लोककथेचा अभिमानी शालिवाहनाला शककर्ता म्हणून सिंहासनावर बसवितो, तर चिकित्सेचा अभिमानी त्याच्याबरोबर गौतमीपुत्राच्या विजयाचा उरलेला लोकस्मृतीतील धागाही फेकून देतो. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे, आणि त्या छापाखालून नहपानाचा मुखवटा कित्येक नाण्यांवर अजून ओळखू येतो.