कंपोस्टेबल चहाचा कप म्हणजे काय? तो खरंच खत होतो का? जाणून घ्या संपूर्ण माहिती

हल्ली बऱ्याच कॅफेत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहा-कॉफीच्या कपावर हिरवं पान छापलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं, "कंपोस्टेबल". आपण चहा पितो, कप डस्टबिनमध्ये टाकतो आणि मनात म्हणतो, चला, प्लास्टिक तर वाचलं!

पण हा कप पुढे जातो कुठे? त्याचं खरंच खत होतं का? तुम्ही चहाचा स्टॉल टाकायच्या विचारात असाल किंवा कॉलेजच्या फेस्टसाठी कप मागवायची जबाबदारी तुमच्यावर असेल, तर हा प्रश्न पैशांचाही आहे. कारण हे कप साध्या कपांपेक्षा महाग असतात आणि महाराष्ट्रात चुकीचा कप वापरला तर दंड होऊ शकतो. चला तर मग, सविस्तर पाहूया.

साधा पेपर कप पूर्ण कागदाचा नसतो

नुसत्या कागदाच्या कपात गरम चहा ओतला तर काही मिनिटांत कागद भिजून कप लुळा पडेल. म्हणून कपाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा अगदी पातळ थर दिलेला असतो. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिथिलीन, आपल्या कॅरीबॅगच्याच कुळातलं. हा थर दोन कामं करतो. एक, चहा कागदात मुरू देत नाही. दोन, कप बनवताना उष्णतेने वितळून उभा जोड आणि तळ चिकटवतो, त्यामुळे वेगळा डिंक लागत नाही.

अडचण इथेच आहे. कागद कुजतो, पॉलिथिलीन कुजत नाही. दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्यामुळे साध्या रद्दीसारखा हा कप कागद गिरणीत चालत नाही. थर वेगळा करणारी खास यंत्रणा लागते. म्हणून भंगारवालासुद्धा वापरलेले चहाचे कप सहसा घेत नाही.

मग कंपोस्टेबल कपात वेगळं काय असतं?

बाहेरून दोन्ही कप सारखेच. फरक फक्त आतल्या थराचा. कंपोस्टेबल कपात पॉलिथिलीनऐवजी बहुतेक वेळा पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड वापरतात.

पीएलए बनतं असं:

1. मका किंवा उसापासून साखर मिळवतात.
2. ती साखर जिवाणूंना खाऊ घालून आंबवतात. त्यातून लॅक्टिक ॲसिड तयार होतं. दह्याला आंबटपणा देणारं आम्ल हेच.
3. या आम्लाचे छोटे रेणू एकमेकांना जोडून लांबच लांब साखळ्या करतात. झालं पीएलए तयार.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ब्लेअर इथे नेचरवर्क्स कंपनीचा पीएलएचा मोठा कारखाना आहे. आपल्याकडे पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने 2024 मध्ये जेजुरीला अशा जैविक पॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी लक्ष ठेवावं असं हे क्षेत्र आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पीएलए वनस्पतींपासून बनलं तरी ते प्लास्टिकच आहे. फक्त ठरावीक परिस्थितीत ते कुजू शकतं, एवढाच फरक.

खत होण्यासाठी 58 अंश का लागतात?

संपूर्ण लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

पीएलएच्या लांब साखळ्या जिवाणू आणि बुरशीला सहज खाता येत नाहीत. आधी पाण्याने त्या साखळ्यांचे तुकडे व्हावे लागतात. साधारण 55 ते 60 अंश सेल्सिअसच्या खाली पीएलए कडक असतं, साखळ्या जागच्या जागी अडकलेल्या असतात आणि पाण्याचं काम फार हळू चालतं. त्या तापमानाच्या आसपास पीएलए मऊ पडायला लागतं, साखळ्या सैल होतात, ओलावा आत शिरतो आणि त्या तुटू लागतात. तुकडे पुरेसे छोटे झाले की जिवाणू ते खातात. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि खताचा भाग.

मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात कचऱ्याचे उंच ढीग लावतात, ओलावा राखतात, हवा खेळती ठेवतात. जिवाणूंच्या कामामुळेच ढिगाचं तापमान वाढतं आणि कित्येक दिवस चढं राहतं. म्हणून या कपांच्या चाचणीत तापमान 58 अंशांच्या आसपास ठेवतात. ईएन 13432 या युरोपीय मानकानुसार वस्तूचा 90 टक्के भाग सहा महिन्यांत जैविकरीत्या विघटित झाला पाहिजे. शिवाय 12 आठवड्यांनंतर माल 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळला तर वर 10 टक्क्यांपेक्षा जास्त उरता कामा नये. तयार खतात जड धातू मर्यादेत हवेत आणि त्यात रोपंही नीट वाढली पाहिजेत.

आता आपल्या गच्चीवरची कंपोस्टची बादली आठवा. ती एवढी तापत नाही, तापली तरी तशी टिकत नाही. त्यामुळे कपाचा कागद हळूहळू कुजतो, पण पीएलएचा पातळ पापुद्रा तसाच राहतो. घरगुती कंपोस्टसाठी वेगळी प्रमाणपत्रं असतात. तो शिक्का नसेल तर कप घरच्या बादलीसाठी नाही असंच समजा.

गरम चहात हा कप विरघळत का नाही?

हा प्रश्न अगदी बरोबर आहे. चहा तर 80-85 अंशांचा असतो! पण कपात तो दहा-पंधरा मिनिटंच राहतो. साखळ्या तुटायला उष्णता, ओलावा आणि वेळ, तिन्ही लागतात आणि त्यातला वेळ आठवड्यांत मोजायचा असतो. शिवाय कपाला आकार देतो तो कागद. थर थोडा मऊ झाला तरी कप उभा राहतो.

म्हणूनच फक्त पीएलएचे पारदर्शक ग्लास थंड पेयांसाठीच असतात, त्यात गरम चहा ओतला की ते वाकडे होतात. गरम पेयांच्या झाकणासाठी पीएलएवर वेगळी प्रक्रिया करून त्याची उष्णता सहन करण्याची क्षमता वाढवतात. त्याला सीपीएलए म्हणतात.

महाराष्ट्रात नियम काय आहे?

- महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. दंड पहिल्या वेळी 5,000 रुपये, दुसऱ्या वेळी 10,000 आणि तिसऱ्या वेळी 25,000 रुपये व तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास.
- 1 जुलै 2022 पासून देशभरात प्लास्टिकचे कप, ग्लास, स्ट्रॉ, चमचे, ढवळायच्या काड्या यांवर बंदी आली.
- जुलै 2022 मध्येच महाराष्ट्राने प्लास्टिकचा थर असलेले कागदी कप आणि प्लेटही बंदीच्या यादीत घातले.
- त्याच वर्षाच्या शेवटी कंपोस्टेबल पदार्थांच्या कप-प्लेटना सवलत मिळाली. अट एकच, सिपेट आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं.

म्हणजे नुसतं हिरवं पान छापून भागत नाही. कागदपत्रं दाखवता आली पाहिजेत.

खरा कंपोस्टेबल कप कसा ओळखायचा?

कप फाडून पाहिलात तर आत पातळ पापुद्रा दिसेल. पण पॉलिथिलीन आणि पीएलए, दोन्हींचा पापुद्रा डोळ्यांना सारखाच दिसतो. व्हिडिओत दाखवतात तसं पाण्यात भिजवून किंवा जाळून घरी खात्री होत नाही (आणि जाळू तर अजिबात नका). त्यापेक्षा फोन हातात घ्या आणि हे तपासा:

1. शब्द: "कंपोस्टेबल" लिहिलंय की फक्त "बायोडिग्रेडेबल", "इको-फ्रेंडली", "नॅचरल"? "बायोडिग्रेडेबल" म्हणजे कधीतरी, कुठेतरी कुजेल. किती दिवसांत आणि कुठे, हे सांगितलं नसेल तर त्या शब्दाला फारसा अर्थ नाही.
2. मानक: भारतात आयएस/आयएसओ 17088 हे मानक लागू आहे. त्याचा उल्लेख शोधा.
3. नाव आणि नंबर: उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक पाहा. प्रमाणपत्र मिळालेल्या कंपन्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर असते. तिथे नाव जुळवून घ्या.
4. प्रमाणपत्र कशाचं आहे? कॅरीबॅगचं प्रमाणपत्र दाखवून कप विकला जात असेल तर सावध व्हा. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून प्रत मागून घ्या.

कप नेमका कुठे टाकायचा?

चांगला, प्रमाणित कप घेतला आणि तो सुक्या कचऱ्यात गेला तर? तिथे तो कागदातही चालत नाही आणि प्लास्टिकमध्येही. मिश्र कचऱ्यातून डेपोवर गेला तर ढिगाऱ्याखाली हवा मिळत नाही. तिथे कागद कुजताना मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 27 पटींहून अधिक तापमानवाढ करतो. पीएलएचा थर मात्र तिथे वर्षानुवर्षं पडून राहू शकतो.

ओल्या कचऱ्यात टाकला तरी खात्री नाही. ओला कचरा जिथे जातो त्या प्रकल्पाने असे कप स्वीकारले पाहिजेत. कित्येक ठिकाणी वेचणाऱ्या माणसांना साधा कप आणि कंपोस्टेबल कप ओळखता येत नाही, त्यामुळे सगळेच बाजूला काढले जातात. म्हणजे कप हे अर्धंच यंत्र आहे, उरलेलं अर्धं म्हणजे तो पोहोचवणारी व्यवस्था.

तुम्ही काय निवडाल?

- लोक तिथेच बसून किंवा उभं राहून चहा पितात? काचेचा ग्लास किंवा स्टीलचा कप. कटिंगसाठी आपल्या टपऱ्यांनी हे वर्षानुवर्षं केलंय. धुण्याची सोय तेवढी नीट हवी.
- कॅम्पस, कंपनी किंवा बंदिस्त कार्यक्रम आहे? कंपोस्टेबल कप इथे सगळ्यात उपयोगी. सगळे कप एकाच प्रकारचे, वेगळा डबा, तिथे लक्ष ठेवणारा एक जण आणि ते घेणारा प्रकल्प आधीच ठरलेला.
- पार्सल आणि रस्त्यावरची विक्री? कायद्यासाठी प्रमाणित कप लागेलच. पण तो खत होईल असं गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगू नका.

ऑर्डर देण्याआधी एक फोन करा: तुमचा ओला कचरा घेणाऱ्यांना विचारा, "असे कप चालतील का?" उत्तर "नाही" असेल, तर जास्तीचे पैसे कपात घालण्यापेक्षा ग्लास आणि ते धुणाऱ्या माणसाच्या पगारात घाला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कंपोस्टेबल कप आरोग्यासाठी जास्त सुरक्षित असतो का?
तसं म्हणता येत नाही. "कंपोस्टेबल" हा शब्द फेकल्यानंतर काय होतं ते सांगतो, पिताना काय होतं ते नाही. 2020 मध्ये आयआयटी खरगपूरच्या अभ्यासात साध्या पेपर कपात 85 ते 90 अंशांचं 100 मिली पाणी 15 मिनिटं ठेवल्यावर त्यात सुमारे 25,000 सूक्ष्म कण आढळले. पीएलएचा थरही पॉलिमरचाच असतो. कोणत्याही लेप दिलेल्या कपात चहा फार वेळ ठेवू नये, हेच बरं.

उसाच्या चिपाडाचे कप कसे असतात?
साखर कारखान्यात रस काढून उरलेल्या बगॅसचा लगदा साच्यात दाबून ते बनवतात. पण तेल-पाणी मुरू नये म्हणून अशा काही भांड्यांत फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली जातात. विकत घेताना "पीएफएएस नाही" असं लेखी मागा.

कुल्हड कंपोस्टेबल असतं का?
नाही. भाजलेली माती कुजत नाही, फक्त फुटून तुकडे होतात. त्यात प्लास्टिकचा थर नसतो, पण भट्टीला इंधन लागतं.

कॅन्टीनमध्ये किंवा फेस्टच्या ग्रुपमध्ये कप मागवायचं काम ज्याच्याकडे आहे, त्याला हा लेख नक्की पाठवा. ऑर्डर जाण्याआधी वाचला तर उपयोग!