सामूहिक लेखन आणि श्रेयनिर्देश : विकिपीडियाच्या परवान्याचा इतिहास (२००१-२००९)

प्रस्तावना :
ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर लेखकाचे नाव छापण्याची प्रथा मुद्रणसंस्कृतीत दृढ झालेली आहे. परंतु एकाच लेखास शेकडो हात लागले असतील, तर त्याचा पुनर्वापर करणाऱ्याने श्रेय कोणास द्यावे? विकिपीडियाच्या पहिल्या दशकात या प्रश्नाचे उत्तर एकदा पूर्णतः बदलले.

परवाना व त्याची अडचण :
१५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशाने आरंभीच जीएनयू मुक्त दस्तऐवज परवाना स्वीकारला. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तो २००० मध्ये प्रामुख्याने संगणकप्रणालींच्या माहितीपुस्तिकांसाठी तयार केला होता. सुधारित आवृत्तीच्या शीर्षकपृष्ठावर किमान पाच प्रमुख लेखकांची नावे द्यावीत, 'इतिहास' हा विभाग जपावा आणि परवान्याची संपूर्ण संहिता प्रत्येक प्रतीसोबत जोडावी, अशा त्याच्या अटी होत्या. पुस्तिकेला त्या शोभत. दोन परिच्छेदांच्या नोंदीला मात्र जाचक ठरत. शिवाय 'प्रमुख' कोण? सर्वाधिक वेळा बदल करणाऱ्याने कदाचित केवळ शुद्धलेखन सुधारलेले असते. अनेकजण टोपणनावाने लिहीत आणि सदस्यनोंद न करणाऱ्यांचा फक्त आयपी क्रमांक राहत असे.

तरीही नावे छापणे अशक्य नव्हते. २००८ मध्ये बर्टेल्समान या प्रकाशनसंस्थेने जर्मन विकिपीडियातील नोंदींचा एकखंडी कोश काढला. त्यात सुमारे ९०,००० योगदात्यांची नावे बारीक टंकात छापली आहेत. ती यादी कोणी वाचली असेल असे नाही. पण आपले नाव शोधणाऱ्यास ते तेथे सापडते, ही बाब क्षुल्लक मानता येत नाही.

२००९ चे परिवर्तन :
नोव्हेंबर २००८ मध्ये जीएनयू परवान्याची १.३ ही आवृत्ती निघाली. तिने १ ऑगस्ट २००९ पर्यंत क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ॲट्रिब्यूशन-शेअरअलाइक परवान्याकडे वळण्याची मुभा दिली. एप्रिल २००९ मधील मतदानात ७५ टक्क्यांहून अधिक मते अनुकूल पडली आणि जूनमध्ये बदल अमलात आला. नव्या अटींनुसार लेखाचा दुवा देणे हाही पुरेसा श्रेयनिर्देश ठरला. नावांची यादी आता ऐच्छिक झाली.

त्याच महिन्यात क्रिस अँडरसन यांच्या 'फ्री' या पुस्तकात विकिपीडियातील मजकूर श्रेयाविना आल्याचे व्हर्जिनिया क्वार्टर्ली रिव्ह्यूने उघडकीस आणले. अँडरसन यांनी चूक मान्य केली. संकेतस्थळांचे संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यावेत यावर प्रकाशकाशी एकमत न झाल्याने तळटीपाच वगळल्या गेल्या, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. म्हणजे सोपी केलेली अटही पाळली गेली नाही!

दुव्यामुळे पुनर्वापर सुकर झाला, हे निर्विवाद. मात्र पडद्यावर दुवा वाचकास योगदात्यांपर्यंत नेतो. कागदावर तो केवळ अक्षरांची ओळ असतो. १ मे २००३ पासूनच्या मराठी विकिपीडियासही हीच व्यवस्था लागू आहे. तेथील नोंद स्मरणिकेत वा क्रमिक पुस्तकात घेताना दुवा, परवान्याचे नाव आणि केलेल्या बदलांचा उल्लेख आवश्यक असतो. 'साभार : इंटरनेट' या आपल्याकडील रूढ शब्दप्रयोगात यांपैकी एकही गोष्ट येत नाही.