जन्मतारीख ठाऊक असलेला समुद्रतळ

समुद्रतळावरचा एखादा खडक तिथे कधीपासून आहे, हे सहसा कुणाला सांगता येत नाही. त्यावरचं प्रवाळ किती वर्षांचं, तेही बहुतेकदा अंदाजानेच ठरवावं लागतं. जागत्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेल्या किनाऱ्यांवर ही अडचण पुष्कळशी मिटते. लाव्हा पाण्यात उतरला तो दिवस कुठेतरी नोंदलेला असतो, राख पडली तो महिना गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या लक्षात असतो. कोऱ्या दगडावर पहिलं शेवाळ, पहिला स्पंज, पहिलं प्रवाळ किती काळाने आलं, हे मोजायला सुरुवातीचं टोक हाती लागतं. या अभ्यासाची वाचकाला गोडी लागावी म्हणून हे पुस्तक केलं आहे. त्यासाठी निवडलेली जागा म्हणजे बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरचं तुलांबेन आणि तिथून आग्नेयेकडे आमेदपर्यंत गेलेली पट्टी.

मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली डोकं घातलेली आपल्याकडची कितीतरी मुलंमुली पुढे अंदमानला जातात, मग कधीतरी बालीला. तुलांबेनला एखादा दिवस मुक्काम, बुडालेल्या जहाजावर एक-दोन डाइव्ह, भरपूर फोटो, आणि परत. ती पाहून येतात ते सुंदरच असतं. पण त्याच डाइव्हमध्ये त्यांच्या डोळ्यांसमोर एक प्रयोग चाललेला असतो आणि तो प्रयोग आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगणं हे या प्रस्तावनेचं काम.

तुलांबेन हे कारांगासेम जिल्ह्यातलं गाव. मागे तीन हजार मीटरहून उंच अगुंग पर्वत, समोर लोंबोक सामुद्रधुनीच्या उत्तर तोंडाकडचं खोल पाणी. पर्वताचा उतार किनाऱ्याशी थांबत नाही, तसाच पाण्याखाली चालू राहतो. म्हणून इथे बोटीची गरज फारशी पडत नाही, किनाऱ्यावरून चालत शिरलं की थोड्याच अंतरात खोली मिळते. पाऊस डोंगराच्या दुसऱ्या अंगाला अधिक, त्यामुळे हा भाग कोरडा, ताडांचा. किनाऱ्यावर वाळू कमी आणि गोटेच जास्त: काळे, गुळगुळीत, पायाखाली सरकणारे. रिसॉर्टांच्या अंगणातून निघालेला पाहुणा पाठीवर सिलिंडर घेऊन या गोट्यांवरून धडपडत जातो, तेव्हा गावातल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर दोन-दोन सिलिंडर तोलत त्याच वाटेने सरळ निघून जातात. तुलांबेनचं सगळं डाइव्हिंग त्यांच्या मानेवर उभं आहे. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत हे एक गमतीचं दृश्य म्हणून येतं, ते मला खटकतं. पुस्तकात त्यांच्या कामाला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

आता त्या जहाजाबद्दल. ‘लिबर्टी’ १९१८ साली न्यू जर्सीतल्या कर्नी इथे बांधलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात हजारोंनी बांधलेल्या ‘लिबर्टी’ वर्गाच्या जहाजांशी त्याचा काही संबंध नाही. ती पुष्कळ नंतरची. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बांधलेलं हे मालवाहू जहाज १९४० मध्ये अमेरिकन लष्कराच्या ताब्यात आलं. जानेवारी १९४२ मध्ये रेल्वेचे सुटे भाग आणि रबर घेऊन ते ऑस्ट्रेलियाहून फिलिपीन्सकडे निघालं होतं. ११ जानेवारीला लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडी आय-१६६ ने त्यावर टॉर्पेडो मारला. एका अमेरिकन आणि एका डच विनाशिकेने ते ओढत सिंगराजा बंदराकडे न्यायला सुरुवात केली, पण पाणी इतकं भरत चाललं की वाटेतच, तुलांबेनच्या किनाऱ्यावर, त्याला जमिनीला टेकवावं लागलं. माल आणि कामाच्या वस्तू काढून घेतल्या गेल्या. सांगाडा एकवीस वर्षं तिथेच वाळूत पडून राहिला.

फेब्रुवारी १९६३ मध्ये अगुंग जागा झाला. पायथ्याजवळच्या बेसाकीह मंदिरात तेव्हा एकादश रुद्र या शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या महाविधीची धामधूम चालू होती. १७ मार्चला मोठा उद्रेक झाला, मे महिन्यात आणखी एक. हजाराहून अधिक माणसं गेली. तप्त ढगांनी आणि चिखलाच्या लोंढ्यांनी गावं पुसली गेली. वातावरणाच्या वरच्या थरात गेलेल्या गंधकाच्या सूक्ष्म कणांनी पृथ्वीचं तापमान काही काळ किंचित खाली आणलं, आणि ज्वालामुखीचा हवामानावरचा परिणाम तपासायला शास्त्रज्ञांनी पुढे हाच उद्रेक वापरला. बेसाकीहचं मुख्य मंदिर थोडक्यात वाचलं. अर्धवट राहिलेला विधी पुन्हा झाला तो १९७९ मध्ये. याच उद्रेकाच्या हादऱ्यांनी लिबर्टीचा सांगाडा किनाऱ्यावरून घसरला आणि एका कुशीवर कलंडून काळ्या वाळूच्या उतारावर जाऊन बसला. त्याचा सर्वांत खोल भाग आज सुमारे तीस मीटरवर आहे आणि वरचा भाग इतका उथळ की नुसता मास्क लावून तरंगणाऱ्यालाही तो दिसतो. ज्या आपत्तीने माणसांची घरं नेली तिच्यामुळेच पुढे गावाला रोजगार मिळाला, हे तुलांबेनबद्दल लिहिताना विसरून चालणार नाही, आणि घाईने सुखान्त करूनही चालणार नाही.

अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की सव्वाशे मीटर लांबीचा, खोली आणि उजेड बदलत जाणारा लोखंडी पृष्ठभाग १९६३ मध्ये एकाच वेळी समुद्राला मिळाला. त्यातला एक हातभर तुकडा जवळून पाहावा. लोखंड आता कुठेच उघडं दिसत नाही. आधी सूक्ष्मजीवांचा चिकट थर, त्यावर शेवाळ आणि पिसांसारखे हायड्रॉइड, मग स्पंज, मऊ प्रवाळ, कठीण प्रवाळ, असा साधारण क्रम असतो. पण इथे हे सगळे थर एकमेकांवर चढलेले, एकमेकांना ढकलणारे असे दिसतात. उजेडाकडच्या बाजूला कठीण प्रवाळाची सरशी असते, कारण त्याच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला ऊन लागतं. त्याच पत्र्याच्या खालच्या, सावलीतल्या अंगाला स्पंज आणि समुद्रपंखे वाढतात; त्यांचं पोट प्रवाहातून येणाऱ्या कणांवर भरतं. दोन अंगांमध्ये अंतर बोटभर, जन्मतारीख एकच, आणि रहिवासी जवळजवळ संपूर्ण वेगळे. वय सारखं असताना जागा काय फरक करते, हे दाखवणारा इतका सोपा नमुना मला दुसरा माहीत नाही.

पहाटे उतरलं तर डोक्यावर टेंगूळ असलेल्या पॅरटफिशचा मोठा थवा भेटतो. रात्री ते या सांगाड्यात झोपतात आणि उजाडताच चरायला निघतात. ते प्रवाळ चावून खातात आणि त्याची पूड करून टाकतात. सभोवतीच्या काळ्या वाळूत मधूनमधून जे पांढरे कण दिसतात त्यांत त्यांचाही वाटा असतो. काळी वाळू डोंगराने दिलेली, पांढरी जिवांनी केलेली. एखाद्या ठिकाणी दोन्हींचं प्रमाण काय आहे यावरून तिथलं प्रवाळ किती जोमात आहे याचा कच्चा अंदाज बांधता येतो.

एक प्रश्न मला फार दिवस खुणावतो. मध्य प्रशांत महासागरातल्या पामायरा आणि किंगमन या दूरच्या बेटांवर बुडालेल्या जहाजांभोवतीचं प्रवाळ मेलं, तिथे शेवाळासारखे थर माजले आणि खडक काळे पडले. कारण निघालं ते लोखंड. ती बेटं चुनखडीची. तिथल्या पाण्यात लोह जवळजवळ नाहीच, म्हणून गंजणाऱ्या जहाजाने सगळा तोल बिघडवला. तुलांबेनला तसं झालेलं दिसत नाही. इथली वाळू आणि खडक मुळात लोहयुक्त. किनाऱ्यावरच्या जिवांना लोखंड नवीन नाही. या एका कारणात सगळं उत्तर असेल असं मी म्हणत नाही, पण एकच वस्तू दोन समुद्रांत दोन विरुद्ध परिणाम घडवते ही गोष्ट या विषयाच्या दारातच सांगण्यासारखी आहे. बुडवलेलं जहाज म्हणजे हमखास प्रवाळबाग, असं मानून जगभर जहाजं बुडवणाऱ्यांनी तर ती ऐकायलाच हवी.

लोखंड गंजत जातं, लाव्हा टिकतो. म्हणून लिबर्टीनंतर ‘ड्रॉप-ऑफ’ पाहावा. खाडीच्या दुसऱ्या टोकाला जुना लाव्हा समुद्रात घुसला आणि त्याची उभी भिंत झाली, ती ही. तिथे समुद्रपंख्यांचा आकार पाहून वाढीला मिळालेला काळ जाणवतो. प्रवाळ लाव्ह्यावर किती लवकर वस्ती करू शकतं याचं सर्वांत चकित करणारं उदाहरण मात्र बालीचं नाही, बांदा बेटांचं आहे. तिथला गुनुंग आपी १९८८ मध्ये फुटला आणि लाव्हा समुद्रात उतरला. पाच वर्षांनी पाहणी झाली तेव्हा आडोशाच्या भागातल्या त्या लाव्ह्यावर प्रवाळाच्या १२४ जाती होत्या आणि साठ टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग त्यांनी व्यापला होता. तापलेल्या समुद्रात जगभरची प्रवाळं पांढरी पडत असताना, अनुकूल जागी ती इतक्या झपाट्याने परतू शकतात, हे माहीत असणं मोलाचं आहे. आणि ‘अनुकूल’ म्हणजे नेमकं काय, हा त्यापुढचा खरा प्रश्न.

तुलांबेनच्या पूर्वेला सेराया गावाकडे नुसता काळ्या वाळूचा उतार आहे. पहिल्या नजरेला ओसाड. पण आडोसा नसलेल्या जागी प्रत्येक लहानशी वस्तू घर होते. एका विषारी अर्चिनच्या काट्यांत कोलमन कोळंबीची जोडी राहते. आपल्यापुरती जागा करायला ती तिथले काटे काढून एक मोकळा चौथरा तयार करते. तो चौथरा अंगठ्याच्या नखाएवढा. असं काही पहायचं तर माणसाने तळापासून हातभर वर स्थिर राहायला शिकलं पाहिजे. पायातल्या फिनने एकदा वाळू उडाली की पुढची काही मिनिटं सगळ्यांचीच वाया जातात. आमेदच्या किनाऱ्यावर मीठ करणारे लोक अजूनही ताड-माडाच्या कोरलेल्या ओंडक्यांत खारं पाणी वाळवतात. जेमेलुकच्या उपसागरात डाइव्ह करून वर आलेल्याने थोडं चालून तेही बघावं. किनाऱ्याचा अभ्यास पाण्याखालीच करायचा असा काही नियम नाही.

आता वाचकाला आग्रहाचं आमंत्रण. १९६३ च्या नोव्हेंबरात, अगुंगच्या उद्रेकानंतर काही महिन्यांनी, आइसलँडजवळ समुद्रातून सुर्त्से नावाचं बेट वर आलं. दोनच वर्षांत ते राखीव झालं. तिथे फक्त शास्त्रज्ञ जातात, आणि बी कुठून आलं, पक्षी कधी उतरला, याची नोंद पहिल्यापासून आहे. त्याच वर्षी जन्मलेला तुलांबेनचा तळ मात्र सगळ्यांना उघडा आहे. बालीत हौशी डाइव्हिंग रुजलं ते बरंच नंतर, त्यामुळे इथली सुरुवातीची वर्षं आपल्या हातून गेली. पुढची जाऊ द्यायची नसतील तर इथे येणाऱ्यांनीच नोंदी ठेवल्या पाहिजेत. त्याला पदवी लागत नाही. पाण्याखाली लिहिता येणारी पाटी, खोली आणि तापमान दाखवणारं मनगटावरचं यंत्र, आणि दर खेपेला तोच पत्रा, तोच कोपरा पाहण्याचा संयम, एवढं पुरतं. पहिला अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला अठरा मीटरपर्यंतच जाता येतं, पण लिबर्टीचा मोठा भाग त्या मर्यादेत आहे. उथळ पाण्यात हवा जास्त वेळ पुरते आणि रक्तात नायट्रोजनही कमी साठतो, म्हणजे पाहायला वेळ अधिक. सांगाड्याच्या आत शिरायचा मोह टाळावा. तिथे अडकलेले आपल्या श्वासाचे बुडबुडे गंजायला मदत करतात.

प्रवाळाच्या शास्त्रातला एक जुना सिद्धांतही ज्वालामुखी बेटांवरूनच निघाला. बेट हळूहळू खचतं, प्रवाळ वर वाढत राहतं आणि शेवटी नुसतं कंकण उरतं, असं डार्विनने १८४२ मध्ये मांडलं. ११० वर्षांनी एनिवेटोक या अशाच एका कंकणावर सुमारे चौदाशे मीटर चुनखडी भेदून ड्रिल काळ्या ज्वालामुखी खडकापर्यंत पोचलं. आपल्या रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा कातळही लाव्ह्याचाच, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि पावसाळ्यात नद्यांच्या गाळाने गढूळ होणाऱ्या पाण्यात प्रवाळाला तिथे फार थोड्या जागी थारा मिळतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तिथल्या मोजक्या प्रवाळांपाशी नोंदीची सवय लावून घेतलेल्या माणसाला तुलांबेन परकं वाटणार नाही. आणि अंदमानातलं बॅरन बेट, भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी, दीर्घ शांततेनंतर १९९१ पासून पुन्हा लाव्हा समुद्रात सोडतो आहे. तिथे सहज जाता येत नाही, पण त्याचं प्रकरण मी आग्रहाने घातलं आहे.

प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. जाण्याआधी वाचणाऱ्याने खडक आणि वाळूपासून सुरुवात करावी, जाऊन आलेल्याने थेट लिबर्टीचं प्रकरण उघडावं. २०१७ मध्ये अगुंग पुन्हा धुमसू लागला तेव्हा लाखाहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली, तुलांबेनची डाइव्हिंगची दुकानंही ओस पडली. जायचं ठरवताना ज्वालामुखीच्या इशाऱ्याची त्या दिवशीची पातळी पाहून घ्यावी. पुस्तकाच्या अखेरीस नोंदींचे कोरे तक्ते जोडले आहेत. तारीख, वेळ, खोली, तापमान हे रकाने दर डाइव्हला भरावेत. जीव ओळखता आला नाही तर नाव अंदाजाने लिहू नये. रंग, आकार आणि तो कशावर बसला होता तेवढं लिहावं. नाव मागाहून शोधता येतं.